मेंदूचा ताल मोजणारा माणूस : डॉ. ग्रे वॉल्टर

वाचकहो, सायंकाळच्या एस.टी.ने तुम्ही कधी तरी गावी निघाला असाल. रस्त्याच्या कडेने झाडांची लांबच लांब रांग, पश्चिमेला टेकलेला सूर्य आणि खिडकीशी बसलेले तुम्ही. गाडी वेग घेते तसा ऊन-सावली, ऊन-सावली असा मारा डोळ्यांवर सुरू होतो. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तांबूस प्रकाश उघडझाप करीतच राहतो. कोणाला गुंगी येते, कोणाला रंगीत नक्षी दिसते, कोणाला गरगरल्यासारखे होते. आपण खिडकीकडे पाठ करतो आणि ती गोष्ट विसरून जातो. या क्षुल्लक वाटणाऱ्या अनुभवात मेंदूच्या कारभाराची एक किल्ली दडलेली आहे, हे ज्यांनी ओळखले आणि ती किल्ली आयुष्यभर निरनिराळ्या कुलपांना लावून पाहिली, अशा एका शास्त्रज्ञाचे चरित्र या अंकात तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव विल्यम ग्रे वॉल्टर.

आपल्या स्मरणिकेत चरित्रे येतात ती बहुधा समाजसुधारकांची, शिक्षणप्रसारकांची, क्वचित कवींची. ती यावीतच. परंतु प्रयोगशाळेत आयुष्य काढणाऱ्यांची ओळखही आपल्या मुलामुलींना व्हायला हवी. मी स्वतः वर्गात भाषा आणि इतिहास शिकवतो, विज्ञान नव्हे. तेव्हा विषय जेवढा मला उमगला तेवढ्याच सोप्या शब्दांत तो मांडणार आहे. त्यात एक प्रकरण असे आहे की जे आपल्यापैकी काही घरांच्या थेट उंबरठ्याशी येऊन ठेपते. तेथे जरा थांबून वाचा, एवढीच पालकांना विनंती.

ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटी या शहरी झाला. वडील मूळचे ब्रिटिश, आई अमेरिकन, दोघेही पत्रकार. घरात शब्दांचा व्यवसाय असल्यामुळे की काय, मुलाला पुढे अवघड शास्त्र सामान्य माणसापुढे गोष्टीसारखे सांगण्याची हातोटी लाभली. १९१५ साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना, हे कुटुंब इंग्लंडला आले आणि वॉल्टर कायमचे तिकडचेच झाले. शालेय शिक्षण लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत. १९२८ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. शरीरक्रियाशास्त्र हा त्यांचा विषय. पदवीनंतर नसांमधील विद्युत्प्रवाह आणि सवयीने जडलेल्या प्रतिक्रिया यांवर त्यांनी संशोधन केले व त्याच कॉलेजची फेलोशिप मिळावी म्हणून प्रयत्न केला. ती मिळाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे अपयश लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले. केंब्रिजचे दार बंद झाल्यावर वॉल्टर लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात, प्राध्यापक गोल्ला यांच्या प्रयोगशाळेत आले. हे मनोरुग्णांचे रुग्णालय. तेथे गोल्ला यांनी त्यांना एक नवे काम दिले. जर्मनीतील एका डॉक्टरने माणसाच्या मेंदूतील वीज कवटीबाहेरून कागदावर उतरवली आहे असे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे आणि रोग्यांना त्याचा उपयोग होईल का, ते पाहायचे.

त्या जर्मन डॉक्टरांचे नाव हान्स बर्गर. येना या गावातील मनोरुग्णालयाचे ते प्रमुख. १९२४ साली त्यांनी प्रथम माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरी टिपल्या आणि तब्बल पाच वर्षे खात्री करून घेतल्यावर १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांना आढळले की माणूस डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या बाजूने सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची एक संथ लहर उमटते आणि डोळे उघडताच ती मावळते. या लहरीला त्यांनी अल्फा हे नाव दिले. ही वीज किती सूक्ष्म असते? आपल्या हातबत्तीतील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारी अल्फा लहर त्याच्या साधारण तीस हजाराव्या हिश्शाएवढी. एवढीशी वीज, तीही हाड आणि कातडी ओलांडून आलेली! ती मेंदूचीच कशावरून, डोळ्यांच्या किंवा स्नायूंच्या हालचालीची कशावरून नव्हे, असा संशय जाणकारांनी घेतला आणि बर्गर यांना कित्येक वर्षे कोणी फारसे विचारले नाही.

हा संशय फिटला तो १९३४ साली केंब्रिजमध्ये. एडगर एड्रियन हे त्या वेळी नसांच्या विजेविषयीच्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले मान्यवर शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपले सहकारी मॅथ्यूज यांच्याबरोबर बर्गर यांचा प्रयोग पुन्हा केला आणि लहर खरी असल्याचे जाहीर केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी डोळ्यांपुढे ठरावीक वेगाने उघडझाप करणारा प्रकाश धरला आणि पाहिले तो काय, मेंदूची लहर स्वतःचा वेग सोडून प्रकाशाच्या वेगाने चालू लागली. प्रकाश सेकंदाला बारा वेळा चमकला तर लहरही बारा, पंधरा वेळा चमकला तर पंधरा. बाहेरचा ताल आत उमटत होता. तबल्याबरोबर पाय आपोआप हलू लागतो, तसाच काहीसा प्रकार. आपल्या गोष्टीचे बीज ते हेच.

वॉल्टर येनाला जाऊन बर्गर यांना भेटूनही आले. बर्गर यंत्रविद्येत कच्चे होते. वॉल्टर यांचे हात मात्र लहानसहान विद्युत्यंत्रे जुळवण्यात तरबेज. त्यांनी अधिक संवेदनक्षम यंत्रे बांधली आणि १९३६ मध्ये पहिले मोठे यश मिळवले. मेंदूत गाठ झालेल्या रोग्यांची नोंद घेताना त्यांना सेकंदाला चारहूनही कमी आवर्तनांच्या फार संथ लहरी दिसल्या. गाठ स्वतः मुकी असते. तिच्यामुळे त्रासलेल्या आजूबाजूच्या भागातून या लहरी उठतात. त्या कोठून येतात हे तीन-चार ठिकाणांहून मोजून पाहिले की गाठीची जागा कळते, तीही कवटी न उघडता. वॉल्टर यांनी या लहरींना डेल्टा हे नाव दिले, आणि आजही सर्व जगातील डॉक्टर तेच वापरतात. थीटा हे नावही त्यांचे आणि त्यांच्या सहकारी व्हिव्हियन डोव्ही यांचे, १९४४ मधले. ही डोव्हीबाई पुढे त्यांची पत्नी झाली.

१९३९ साली ब्रिस्टल शहरात बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. गोल्ला तिचे पहिले संचालक झाले आणि वॉल्टर त्यांच्यासोबत तेथे गेले. पुढची तीस वर्षे त्यांचे काम तेथेच चालले. युद्धकाळ होता, सामान मिळत नसे. रेडिओचे जुने भाग, घड्याळाची चाके, हाताला येईल ते घेऊन यंत्रे बनत. हेरॉल्ड शिप्टन नावाचा एक कल्पक तंत्रज्ञ त्यांना तेथे लाभला. मला विचाराल तर वॉल्टर यांच्या निम्म्या कीर्तीवर या शिप्टन यांचा हक्क आहे. पण कारागिराचे नाव मागे पडते, हा जगाचा रिवाजच दिसतो.

आता थोडे बारकाईने वाचा. मेंदूची कागदावर उतरलेली रेघ सरळ, स्वच्छ लहर कधीच नसते. दहा जणांच्या बोलण्याचा एकच गलका कानी यावा तशी ती अनेक लहरींची सरमिसळ असते. त्यात दहाच्या वेगाची लहर किती, अठराच्या वेगाची किती, हे नुसत्या डोळ्यांनी कसे ठरवणार? फ्रान्सचे गणिती फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले होते की पुन्हापुन्हा येणारी कोणतीही वेडीवाकडी लहर साध्या लहरींच्या बेरजेने बनवता येते, म्हणजेच ती साध्या लहरींत फोडताही येते. लोलकातून ऊन गेले की जसे सात रंग वेगळे होतात, तसेच हे. पण हातांनी ही गणिते करायची तर एका मिनिटाच्या नोंदीला आठवडे लागावेत. वॉल्टर यांनी १९४३ मध्ये हे काम आपोआप करणारे यंत्र तयार केले. त्यात निरनिराळ्या वेगांना जुळवलेली मंडले होती. आपण रेडिओची कळ फिरवून एकच केंद्र पकडतो, तशी प्रत्येक मंडल आपल्या वेगाचीच लहर पकडी. मेंदूची नोंद चालू असतानाच तिच्याखाली, दर दहा सेकंदांचा हिशोब यंत्र स्वतः मांडून देई. संगणक घरोघर येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या यंत्रामुळे एड्रियन यांचा तो जुना प्रयोग पुन्हा हाती घेण्यास बळ आले. पूर्वी प्रकाशाची उघडझाप करायची ती दिव्यापुढे फिरती चकती धरून. तिने प्रकाश हळूहळू उजळे व हळूहळू मावळे, वेगही नेमका राहत नसे. वॉल्टर, डोव्ही आणि शिप्टन यांनी विजेवर चालणारा असा दिवा वापरला की ज्याची चमक क्षणाचाही अगदी अल्प भाग टिके, पण प्रखर असे, आणि वेग हवा तेवढा नेमका ठेवता येई. रोगी किंवा निरोगी स्वयंसेवक डोळे मिटून बसे, दिवा चमके आणि शेजारी विश्लेषक यंत्र हिशोब मांडी. या प्रयोगांची हकीकत १९४६ साली नेचर या विख्यात शास्त्रीय साप्ताहिकात छापून आली.

काय आढळले? पहिली गोष्ट, बहुतेकांचा मेंदू चमकेच्या तालाला साथ देतो, आणि तो ताल अल्फाच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दहाच्या जवळ असला तर साथ सर्वांत जोरकस असते. दुसरी गोष्ट अधिक मजेची. चमक दहाच्या वेगाने दिली तरी उत्तरात दहाबरोबर वीस आणि तीस वेगाच्या लहरीही सापडत. पेटीवर एकच सूर धरला तरी त्यात वरचे सूर बारीक मिसळलेले असतात, संगीताच्या जाणकारांना हे ठाऊक आहे. याचा अर्थ असा, की मेंदू प्रकाशाची नुसती नक्कल करीत नाही, तो त्या तालाला आपला आकार देतो. तिसरी गोष्ट, उत्तर डोक्याच्या मागच्या, दृष्टीच्या भागापुरतेच राहत नसे, काही माणसांत ते पुढे इतर भागांतही पसरे. आणि त्या माणसांना काय काय दिसे! दिवा पांढरा, पण त्यांना रंग दिसत, फिरणारी चक्रे, जाळ्या, नक्षी दिसे. कोणाला शरीर तरंगल्यासारखे वाटे. वॉल्टर यांनी या सर्व हकीकती गंभीरपणे टिपून ठेवल्या.

मग त्यांना एक विलक्षण युक्ती सुचली. दिव्याचा वेग आपण ठरवण्याऐवजी मेंदूलाच ठरवू द्यावा. त्यांनी अशी जोडणी केली की मेंदूची लहर वर आली की तिनेच दिवा पेटावा. त्या चमकेने मेंदूत नवी लहर उठे, ती पुन्हा दिवा पेटवी, आणि चक्र सुरू राही. ध्वनिक्षेपकाचे भोंगे आणि मायक्रोफोन समोरासमोर आले की सभेत जी किंकाळी उठते ती तुम्ही ऐकली असेल, तत्त्व तेच. अशा जोडणीत प्रकाशाचा परिणाम पुष्कळच वाढे. आणि येथेच आपण त्या उंबरठ्याशी आलो.

ज्यांना फेफरे म्हणजेच मिरगीचा विकार होता, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत विशिष्ट वेगाची चमक पडताच झटक्याच्या वेळी दिसतात तशा टोकदार, उंच लहरी उसळत. वेग थोडा बदलला की त्या शांत होत. मिरगी म्हणजे मेंदूतील असंख्य पेशींनी आपापले काम सोडून एकाच तालात एकदम वीज सोडणे. बाहेरचा ताल त्या पेशींना एकत्र येण्याचे निमित्त पुरवतो, असा याचा उलगडा. म्हणजे झटका कोठून आला ते डोळ्यांनी पाहता येते, मोजता येते, हवा तेव्हा जागवून लगेच थांबवताही येते.

पालकहो, हे आपल्याला एवढे सविस्तर का सांगतो आहे ते ऐका. माझ्या वर्गात नववीत एक हुशार मुलगी होती. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती एकदा कोसळली. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा फोडला, कोणी दातांत चमचा घालण्यासाठी धावले. पुढच्या आठवड्यात तिच्या अब्बांनी दाखला मागितला. मुलीला बाहेरचे काही आहे अशी बोलवा होईल आणि पुढे लग्नाला अडचण येईल, ही त्यांची भीती. मी दोनदा घरी गेलो, तिच्या खालाजानने माझी बाजूही घेतली, पण मुलगी शाळेत परतली नाही. अशी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत जे यंत्राने दाखवले गेले ते एवढेच सांगते, की हा विकार विजेच्या गडबडीचा आहे. त्यात लाज नाही, बाधा नाही, आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. औषधाने बहुसंख्य रोग्यांचे झटके आटोक्यात येतात. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठावा.

प्रकाशाच्या उघडझापीने झटका येणारे रोगी मिरगीच्या एकूण रोग्यांत थोडेच, शंभरात तीन ते पाच. बहुधा सात ते एकोणीस या वयात हा प्रकार प्रथम दिसतो, आणि सेकंदाला पंधरा ते वीस हा वेग सर्वांत धोक्याचा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवर मुलांचे एक कार्टून चालू असताना तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला. त्या एका संध्याकाळी सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना त्यापूर्वी कधीही झटका आला नव्हता. त्या घटनेनंतर दूरदर्शनवरील चमकांवर अनेक देशांत बंधने आली; सेकंदाला तीनहून अधिक चमका नकोत, असा दंडक सामान्यतः पाळला जातो. घरात टी.व्ही. अंधारात आणि अगदी जवळून पाहू देऊ नये, ही सूचना नुसती डोळ्यांच्या काळजीची नाही. ज्या मुलाला असा त्रास आहे त्याच्यापुढे अचानक चमक आली तर त्याने एका डोळ्यावर तळहात धरावा आणि मान वळवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश आत जातोच, हे आरंभी एस.टी.च्या प्रवासात आपण पाहिले.

आता वॉल्टर यांच्या जगप्रसिद्ध कासवांकडे वळू. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत, पण सजीवासारखे वागायला खरोखर किती पेशी लागतात, असा प्रश्न त्यांना पडला. १९४८-४९ च्या सुमारास पत्नीच्या मदतीने त्यांनी घरीच दोन यंत्रे बनवली आणि त्यांना एल्मर व एल्सी अशी नावे दिली. तीन चाके, वर कासवासारखे कवच, प्रकाश ओळखणारा एक डोळा, आणि पेशींच्या जागी रेडिओतले दोनच व्हॉल्व्ह. कासव अंधारात डोळा फिरवीत हिंडे, दिवा दिसला की तिकडे वळे, फार प्रखर वाटला की मागे सरे, अडथळ्याला धडकले की बाजूने वाट काढी. बॅटरी उतरली की मात्र त्याचे वागणे बदले. मग प्रखर दिव्याकडेच ते खेचले जाई, आणि असा दिवा त्याच्या खुराड्यात लावलेला असे. तेथे शिरून ते बॅटरी भरून घेई आणि पुन्हा बाहेर पडे. भूक लागल्यावर घरी परतणाऱ्या जनावरासारखेच की नाही?

कासवाच्या डोक्यावर एक लहान दिवा होता. बाहेरचा प्रकाश डोळ्याला सापडला की तो विझे. हे कासव आरशापुढे आले तेव्हा गंमत झाली. आरशात स्वतःचाच दिवा दिसे, म्हणून दिवा विझे. विझला की प्रकाश दिसेनासा होई, म्हणून पुन्हा पेटे. दिवा लुकलुकत राही आणि कासव आरशापुढे थुईथुई नाचल्यासारखे हले. मेंदूने पेटवलेल्या दिव्याचा प्रयोग आपण वर पाहिला, त्याचेच हे लोखंडी रूप म्हणायला हरकत नाही. १९५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही कासवे मांडली गेली तेव्हा मुलांनी गर्दी केली. नंतर बनवलेल्यांपैकी एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे. आजच्या यंत्रमानवांच्या घराण्याचे हे आद्य पूर्वज.

त्याच सुमारास, १९५१ मध्ये, शिप्टन यांच्या साह्याने त्यांनी आणखी एक अजब यंत्र उभारले, टोपोस्कोप. डोक्याच्या नकाशावर मांडाव्यात तशा बावीस लहान काचेच्या नळ्या, प्रत्येकीत घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी प्रकाशरेषा. मेंदूच्या त्या भागात लहर उठली की रेषा उजळे. काट्याचा वेग दिव्याच्या चमकेशी जुळवला की जी लहर चमकेच्या तालात चालते ती तबकडीवर एकाच जागी स्थिर दिसे आणि मेंदूची स्वतःची लहर सरकत राही. कोणता ताल बाहेरचा आणि कोणता घरचा, हे एका नजरेत कळे. कागद नको, गणित नको. मला वॉल्टर यांच्या साऱ्या यंत्रांत हे सर्वांत सुंदर वाटते, जरी अवाढव्य आणि किचकट असल्यामुळे ते इतरत्र रुजले नाही.

त्यांचे द लिव्हिंग ब्रेन हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले आणि सामान्य वाचकांनी उचलून धरले. बी.बी.सी.च्या कार्यक्रमांतून ते घराघरांत पोचले. बोलण्यात अत्यंत चतुर, कधी कधी पुराव्याच्या दोन पावले पुढे धावणारे. अल्फा लहर म्हणजे मेंदूची टेहळणी, एखादे चित्र शोधीत फिरणारा झोत, असे मत त्यांनी मांडले होते. ते पुढे सिद्ध झाले नाही. चमकेच्या तालाला मेंदू साथ देतो म्हणजे नेमके काय करतो, यावरही तज्ज्ञांत आजवर एकमत नाही. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की त्याचाच झोका वाढतो, तशी मेंदूची मूळ लहर बाहेरच्या तालात ओढली जाते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, यात झोपाळा नाहीच. दारावर दहा थापा मारल्या की दहा आवाज येतात, त्यांची ही रांग. यांतला खरा कोण, ते ठरवण्यासाठी चमक अचानक थांबवून लहर क्षणभर तरी तशीच चालू राहते का, हे पाहतात. झोपाळा असेल तर तो लगेच थांबणार नाही.

वॉल्टर यांचा अखेरचा मोठा शोध १९६४ चा. स्वयंसेवकाला आधी एक टिकटिक ऐकवायची. एका सेकंदाने दिवा लुकलुकू लागे आणि त्याने बटण दाबून तो बंद करायचा. काही वेळा असे झाल्यावर टिकटिक आणि दिवा यांच्या मधल्या त्या सेकंदात मेंदूच्या वरच्या भागावर एक संथ लहर चढू लागे. ती कशाची? वाट पाहण्याची. दिवा येणार नाही असे सांगितले की ती लहर हळूहळू नाहीशी होई. माणसाच्या मनातील अपेक्षा प्रथमच कागदावर रेघ होऊन उतरली. या लहरीला अपेक्षा-लहर असेही म्हणतात.

१९७० साली मात्र घात झाला. वॉल्टर स्कूटरवरून जात असताना सुटलेल्या एका घोड्याला चुकवण्याच्या प्रयत्नात त्यांना भीषण अपघात झाला. दुखापत झाली ती डोक्यालाच. चाळीस वर्षे ज्या अवयवाचा अभ्यास केला तोच जायबंदी झाला. ते वाचले, संस्थेत परत येऊही लागले, पण पूर्वीची तल्लखता, ती झटपट जोडणी करणारी बुद्धी परतली नाही. ज्यांनी त्यांना आधी पाहिले होते त्यांना ते पाहवत नसे. ६ मे १९७७ रोजी हृदयविकाराने ब्रिस्टल येथे त्यांचे निधन झाले. वय ६७.

त्यांच्या मागे ते काम कोठवर आले? जे विश्लेषण करायला त्यांना मोठे कपाट भरून मंडले लागत, ते आता लहानसा संगणक करतो. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही हे त्याला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या कानात ठरावीक तालाने कमीजास्त होणारा सूर सोडतात आणि डोक्यावरील तारांतून तोच ताल परत येतो का ते पाहतात. आला तर कान आणि मेंदू यांची वाट मोकळी आहे. लकव्याने ज्यांचे हातपाय आणि वाचा गेली अशांसाठी पडद्यावर अनेक चौकोन निरनिराळ्या वेगांनी लुकलुकत ठेवतात. रोगी ज्या अक्षराकडे पाहील त्याचा वेग मेंदूच्या लहरीत उमटतो आणि यंत्र ते अक्षर लिहिते.

आणि आपल्याकडे, मुंबईत असो की पुण्यात, ई.ई.जी. काढताना मुलाच्या डोळ्यांपुढे तो दिवा आजही लावतात. आदल्या दिवशी मुलाचे डोके स्वच्छ धुवावे, तेल अजिबात लावू नये. चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. रात्री कमी झोपवून आणा असे सांगितले असेल तर तसे करावे. डोक्याला मलम लावून तारा चिकटवतात. त्यांतून वीज आत जात नाही, आतलीच बाहेर येते, हे मुलाला आधी समजावून सांगावे. मग खोलीतला उजेड कमी करून दिवा प्रथम सावकाश, मग वेगाने चमकवतात, मध्ये मध्ये थांबतात. झटक्याची चिन्हे दिसलीच तर दिवा तत्काळ बंद करतात. सारे काम तास-दीड तासात आटोपते, आणि मूल त्याच दिवशी घरी येते.